घराचा मोसम, गळाचा मोसम

गेल्या पंधरवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे, तेव्हा ते सोडून सांगते. यजमान नोकरीत, दोन मुलं शाळेत, बिऱ्हाड शहरात. गावी सासऱ्यांचं जुनं कौलारू घर आहे. मोठे दीर मुंबईला, त्यांनी ‘तुम्हीच बघा’ म्हणून हात झटकले. घर दुरुस्त करायचं ठरलं, थोडं कर्जही काढलं. आता सुट्टीच्या दिवशी ह्या बाई गवंड्यापुढे उभ्या, आणि यजमान गळ घेऊन नदीवर! तोही साधा गळ नव्हे. पिसांची खोटी माशी बांधून मासे धरायचा तो ‘फ्लाय फिशिंग’चा प्रकार. बाईंनी शेवटी लिहिलंय, ‘ताई, ती काठी एकदाची विकून टाकू का? सांगाल तसं करीन.’

पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसले. कारण अशीच एक काठी आमच्या घरातही आहे, आणि तिच्यावरून झालेला आमचा तमाशा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. आज सांगते.

आमच्या ह्यांची बँकेची नोकरी. मुलगी लहान असताना तीन वर्षं कुलूला बदली झाली होती. थंडीनं मी हैराण, पण हे खूष. तिथे बियास आणि तीर्थन नदीत ट्राउट मासा आहे. तो मूळचा आपल्याकडचा नाही, ब्रिटिशांनी आणून सोडलेला. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ह्यांना माशीचा गळ शिकवला. आपल्याकडे गरवायला जाताना दोरीला शिशाचं वजन लावतात आणि त्या वजनानं गळ लांब जातो. इथे तसं नाही. गळ पिसाइतका हलका, वजन असतं ते दोरीलाच. काठी मागे-पुढे झुलवून ती दोरी हवेत लांबवायची आणि माशी अशी अलगद पाण्यावर उतरवायची, की माशाला वाटावं खराच किडा पडला. माशीही घरीच बांधायची. कोंबड्याच्या मानेची पिसं, लोकरीचा धागा, रेशीम. माझ्या शिवणाच्या डब्यातली पिवळी आणि तपकिरी रिळं कुठे जातात, ह्याचा शोध मला त्या वर्षी लागला! (पूर्वी ह्या कामाला रानकोंबड्याची पिसं फार वापरीत, परदेशीही जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तेव्हा पिसं घरच्या कोंबड्याचीच घ्यायची.)

बदली संपली, आम्ही रत्नागिरीला आलो. काठीही आली. राजापूर तालुक्यात आमचं मूळ घर. खाली अर्जुना नदी, पुढे जैतापूरची खाडी. ट्राउट नाही तर नाही, खाडीत तांबोशी आणि जिताडा असतो, आणि तोही माशीवर झडप घालतो हे ह्यांना कळलं. झालं! दर रविवारी गावी जाणं सुरू झालं. सासूबाई एकट्या राहत असल्यामुळे मलाही बरंच वाटलं.

घर मात्र पडायला आलेलं. जांभ्या चिऱ्याच्या बाहेरच्या भिंती, आतल्या मातीच्या, वर मंगळुरी कौलं. वासे वाळवीनं पोखरलेले, माजघरात तीन ठिकाणी गळती. पाऊस कोकणातला, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. ‘दोन पावसाळे काढील, तिसरा नाही,’ असं सुतारकाकांनी स्पष्ट सांगितलं. मग काम काढलं.

त्या मे महिन्यात जे घडलं त्यात चूक कुणाची, ह्यावर आम्ही वर्षभर भांडलो. आता शांत डोक्यानं सांगते. काम एप्रिलच्या सुरुवातीला काढायला हवं होतं. मुलीच्या परीक्षा आणि माझ्या माहेरचं लग्न ह्यांत मेचा मध्य उजाडला. उशीर झाला म्हणून दोन्ही पाखी एकदम उघडा, असं सुतारकाकांना मीच सांगितलं. ते ‘वहिनी, एक एक करू या’ म्हणत होते, मी ऐकलं नाही. हा माझा दोष.

ह्यांचा दोष असा. त्या दिवशी अष्टमी होती, भरती पहाटे सहाच्या सुमाराची. काळोखातच हे गाडी घेऊन खाडीवर गेले. ‘दहापर्यंत येतो’ म्हणाले. दहा वाजले, बारा वाजले, पत्ता नाही. फोन केला तर ‘कवरेज क्षेत्राच्या बाहेर’. कामकरी मंडळी दुपारी गावातल्या लग्नाला गेली. तीनच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि वळीव कोसळला. पाऊण तास. मी आणि सासूबाई गाद्या ओढतोय, तांदळाची पिंपं ओढतोय. ताडपत्री शोधतेय, तर ताडपत्री सापडेना. सापडणार कशी? ती गाडीच्या डिकीत होती, खाडीकाठी बसायला नेलेली.

पाच वाजता हे आले. हातात एक तांबोशी, दीड किलोची. माजघराची मातीची भिंत दीड हात खचली होती. सासूबाईंचा लग्नातला शालू ट्रंकेसकट भिजला होता. मी एक शब्द बोलले नाही. तो मासा शेजारी देऊन टाकला.

आता ह्यापुढचं सांगायला मला लाज वाटते. ह्यांची माशा ठेवायची एक चपटी पेटी होती. कुलूच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या हातानं बांधून दिलेल्या चाळीस-पन्नास माशा तीत होत्या. ते गृहस्थ पुढे वारले. ती पेटी मी उचलली आणि माळ्यावर जुन्या चिंध्यांच्या पेटाऱ्यात लपवली. ‘मिळाली की घ्या,’ असं मनात म्हटलं. ह्यांनी दोन दिवस शोधली, मग शोधणं सोडलं. मला विचारलंसुद्धा नाही. पुढचे सात महिने काठीला हात लावला नाही.

तुम्हांला वाटेल, बरं झालं, आता घराकडे लक्ष दिलं असेल. छे! रविवारी गावी जाणंच बंद झालं. भिंत कशीबशी उभी केली, कौलं चढवली, आणि पुढचं काम तसंच पडलं. सुतारकाकांचा फोन आला की ‘तिलाच विचारा’ म्हणायचे. संध्याकाळी वर्तमानपत्र तोंडासमोर. मी जिंकले होते म्हणा ना! पण जिंकून हातात काय आलं? अर्धवट घर आणि मुका नवरा.

डिसेंबरात सासूबाईंनी माळा साफ करायला काढला आणि पेटी निघाली. उघडून पाहते तो काय, कसर लागलेली. पिसांचा भुगा, नुसते गंजके आकडे उरलेले. पाच-सहा माशा काय त्या धड होत्या. हे मागेच उभे होते. पेटी हातात घेतली, बघितली, खिशात घातली आणि अंगणात जाऊन बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री सासूबाईंनी मला जवळ बसवलं. बोलायच्या कमी, पण बोलल्या की नेमकं. म्हणाल्या, ‘‘अगो, तुझ्या मामंजींना काय कमी नाद होता? रात्र रात्र पाग घेऊन नदीवर असायचे. पण शिमगा झाला की जाळं माळ्यावर चढायचं. मग शाकारणी, लाकूडफाटा, शेताची भाजावळ. पाऊस सरल्याशिवाय जाळं खाली उतरायचं नाही. मला कधी सांगावं लागलं नाही, त्यांना कधी विचारावं लागलं नाही. तुमच्या घरात कधी चढवायचं नि कधी उतरवायचं, हे ठरवलंय कुणी?’’

खरंच, ठरवलं नव्हतं कुणी. आणि गंमत अशी, की हे मला कुलूपासून सांगत आले होते, तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटचे मासे अंडी घालतात म्हणून नदीला सुट्टी. त्या काळात गळ टाकायचा नाही, आणि एरवीही सरकारी परवाना काढल्याशिवाय नाही. ह्यांनी तीन वर्षांत एकदाही तो नियम मोडला नव्हता. सकाळी मी ह्यांना म्हटलं, ‘‘तिथल्या नदीला बंद मोसम होता, तो तुम्ही आनंदानं पाळलात. आपल्या घराला नको का?’’ आणि पेटीबद्दल माफी मागितली. आधी माफी मागितली, मग हे बोलले, हे सांगायला हवं. ह्यांनीही ताडपत्रीचं नाव पहिल्यांदा काढलं. सात महिन्यांनी!

मग वहीचं पान फाडून आम्ही ‘परवाना’ लिहिला. तो अजून देवघराच्या दारामागे चिकटवलेला आहे. त्यातली कलमं तुमच्या उपयोगाची आहेत म्हणून देते.

कलम १. होळी पेटली की काठी माळ्यावर. फाल्गुन ते ज्येष्ठ हा घराचा मोसम. छप्पर, लाकूड, बाहेरच्या भिंती, सगळं ह्यातच व्हायचं.

कलम २. पावसाळ्यात नदी गढूळ, माशी माशाला दिसतच नाही. तेव्हा घरात बसून माशा बांधायच्या आणि आतली बारीक कामं करायची. काठी खाली उतरायची ती दसऱ्याला, इतर हत्यारांबरोबर पूजेला.

कलम ३. दसरा ते होळी महिन्यातले दोन रविवार गळाचे, दोन घराचे. कोणते ते महिन्याच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर लिहायचे.

कलम ४. छपराचं एक जरी कौल निघालेलं असलं, तर दोघांपैकी एक जण घरी. ताडपत्री घरातच. एका वेळी एकच पाखं उघडायचं.

कलम ५. घराची वही वेगळी, गळाची वेगळी. घराच्या पैशातून रीळ येणार नाही, आणि ह्यांच्या गळाच्या पैशाला मी चुन्यासाठी हात लावणार नाही.

कलम लिहून झाली. मी सही केली. तेव्हा हे म्हणाले, ‘‘माझा परवाना झाला. तुझा कुठाय?’’

मला हसू आलं. मग विचार करू लागले आणि उत्तरच सुचेना. रविवारी घर नाही, गवंडी नाही, मुलगी नाही, तर मी काय करीन? लग्नाआधी मी पेटी वाजवायची. वीस वर्षांत हात लावला नव्हता. ह्यांच्या काठीवर माझा एवढा राग का होता, हे मला त्या क्षणी कळलं. ह्यांच्याकडे काठी होती आणि माझ्याकडे काहीच नव्हतं, हे त्याचं खरं कारण. कलम ६ तेव्हा लिहिलं गेलं. बुधवारी संध्याकाळी दोन तास माझे. त्या दिवशी भात-आमटी हे करतात. आमटी कशी होते ते विचारू नका!

मैत्रिणींनो, पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आणि जुनं घर हाती घेणाऱ्या सगळ्यांनाच आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

आधी कागद, मग कुदळ. घर वडिलोपार्जित असेल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा आणि घरपट्टी कुणाच्या नावावर आहे ते पाहा. दिरांचं ‘तुम्हीच बघा’ तोंडी ठेवू नका. खर्च कोण किती करणार आणि त्याबद्दल हक्क काय, हे लिहून सह्या घ्या. नणंदेलाही विचारा. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू कुटुंबात मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. नंतर कटकट होण्यापेक्षा आधी चहा करून बोलावलेलं बरं.

कामाचा क्रम वरून खाली. आधी छप्पर, मग लाकूड, मग भिंती, सर्वांत शेवटी जमीन आणि रंग. उलट केलंत तर नव्या फरशीवर जुनं छप्पर गळेल.

कौलं फेकू नका. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं आपल्याकडे रुळली. जुनी कौलं चांगली भाजलेली असतात. बोटानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला काढा. वेगळ्या कारखान्याच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. म्हणून जुनी सगळी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्यावर घाला.

वाशांची टोकं तपासा. वासा मधून धडधाकट दिसतो आणि भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं. पेचकस टोचून पाहा. भुसभुशीत लागलं तर तेवढा तुकडा बदलता येतो, सगळा वासा नको. वाळवीसाठी कोकणात लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ते कातडीला भाजतं, तेव्हा हातमोजे घालूनच लावा आणि मुलांना लांब ठेवा.

जांभ्यावर सिमेंट थापू नका. ही आमची दुसरी चूक. चिरा ओल पितो आणि उन्हात ती सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात, पांढरं मीठ फुटतं. न्हाणीघराची भिंत आम्ही अशीच बिघडवली आणि पुढच्या वर्षी खरवडून काढली. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा, थोडा थांबावा लागला तरी चालेल. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, म्हणून काम सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी आणा.

पागोळ्यांचं पाणी. पागोळ्या पडतात तिथे भिंतीला लागून चर हवा आणि उतार घराबाहेर हवा. अर्धी ओल एवढ्यानंच थांबते.

आणि ज्यांचे यजमान खाडीवर जातात त्यांच्यासाठी एक गुपित. भरतीची वेळ सासूबाईंनी मला शिकवली. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आता ‘भरती उशिरा आली’ ही सबब आमच्या घरात चालत नाही!

तेव्हा ताई, काठी विकू नका. लपवूही नका, निदान माझ्यासारखी चिंध्यांत तर नाहीच नाही. पिसांत चार लवंगा किंवा डांबराची गोळी घालून ठेवा, म्हणजे कसर लागणार नाही. पण गप्पही बसू नका. नदीला बंद मोसम असतो तसा घराला घराचा मोसम असतो, हे यजमानांना शांतपणे सांगा, आणि कागदावर लिहून घ्या. सांगताना गवंडी, सुतार, मुलं कुणी समोर नको. आणि कर्जाचा आकडा त्यांच्यापुढे मांडा. तुमच्या पत्रावरून मला शंका येते, की तो त्यांना अजून नीट ठाऊक नाही. हे मात्र लपवून चालणार नाही. ताडपत्री डिकीत नेण्याइतकीच ती मोठी चूक होईल.

इतकं करूनही त्यांनी ऐकलं नाही तर? तर काम थांबवा. एकटीनं ओढू नका. दोघांचं घर एकीनं उभं केलं की ते एकीचंच होऊन बसतं, आणि मग त्यात दोघांना राहणं जड जातं. छपरावर ताडपत्री टाकून एक पावसाळा काढता येतो. रागानं भरलेलं घर मात्र असं झाकून ठेवता येत नाही.

आमचं घर तिसऱ्या वर्षी पुरं झालं. सासूबाईंनी ते पाहिलं, आणि दोन गणपती त्या घरात केले. त्या गेल्या, पण ‘काठी चढली का?’ असं होळीच्या दिवशी आता मुलगी फोनवर विचारते. त्या पेटीत हल्ली ह्यांनी बांधलेल्या नव्या माशा आहेत. कुलूच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या वाचलेल्या पाच वेगळ्या कप्प्यात असतात. त्या पाण्यात जात नाहीत.

आणि पत्रातल्या भगिनींनो, तुमचा स्वतःचा परवाना लिहायला विसरू नका. तो काय असावा हे मी सांगणार नाही. तुम्हांला पटकन सुचलं नाही, तर समजा की तोच सर्वांत निकडीचा आहे. काय ठरलं ते कळवा. वाट पाहते.